उंबरठ्यावरची पंगत

आमच्या मालकांना सगळी फणसवाडी वेडे म्हणत असे. मी कधी म्हटलं नाही. एक तर मी त्यांच्या चाळीत भाडेकरू होतो, आणि दुसरं म्हणजे मागून बोलायची मला सवय नाही. माझं शिक्षण मराठी दोन इयत्ता. तेवढ्यात जे लिहून होईल ते लिहितो. एक ओळखीचे मास्तर म्हणाले, शुद्ध करून देतो. मी नको म्हटलं. मालकांविषयी दुसऱ्याच्या शुद्ध भाषेपेक्षा माझी अशुद्ध बरी.

मालक म्हणजे चाळीचे मालक. घराणं जुनं मुंबईकर. वाडवडिलांनी सरकारी कचेऱ्यांत लेखण्या झिजवून जागा घेतल्या, आणि यांनी त्या जागांच्या भाड्यावर माश्या धरल्या.

साध्या माश्या नव्हेत. माशीची एक जात आहे, ती घाणीवर बसत नाही, गुळावर बसत नाही. उन्हात काटकीच्या टोकाला बसून राहते, आणि समोरून माशी, फुलपाखरू, भुंगा, काहीही उडत गेलं की झेप घालून हवेतच धरते. पाठीत सोंड खुपसते, परत त्याच टोकावर येते आणि सावकाश शोषत बसते. पाठीला पोक, तोंडावर राठ मिशा, पायांना काटे. मालक तिला दरोडेखोर म्हणत. इंग्रजीतही तिला तसंच म्हणतात असं सांगत. पण दरोडेखोर हे झालं सगळ्यांचं आडनाव. त्यांच्यात घराणी किती, कोण कोणाचा भाऊबंद, कोणाला काय म्हणून हाक मारायची, हे आपल्या मुंबईच्या माश्यांचं कोणी लावलेलं नव्हतं. ते काम मालकांनी अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

माझं दुकान चाळीच्या तळमजल्याला. आमचा धंदा बाशिंगांचा, पिढीजात. भेंड म्हणून पाणथळीत एक झाड होतं, त्याचा गाभा पांढराशुभ्र, सुरीला लोण्यासारखा. त्याचं बाशिंग करायचं आणि वर बेगड चढवायची. अर्ध्या गिरगावचे नवरदेव माझ्या बापाच्या हातचं बाशिंग बांधून बोहल्यावर चढले. फुशारकी म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो.

एक दिवस मालक दुकानात आले. भेंडाचा तुकडा उचलला, कोटातून बारीक टाचणी काढली, तुकड्यात खुपसली, काढली, परत खुपसली.

"वा. विलायती बुचापेक्षा बरं आहे. बाशिंगवाले, याच्या पट्ट्या कापून द्या."

"कशाला?"

"माश्या टोचायच्या आहेत."

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "मालक, हे लग्नाचं भेंड. मेलेल्या माशीसाठी मी कापणार नाही. भाडं वाढवायचं तर वाढवा."

ते रागावले नाहीत. फळीवर टेकले आणि म्हणाले, "लग्न ठरवताना भटजी काय विचारतो?"

"कूळ, गोत्र."

"मी माश्यांना तेच विचारतोय. उत्तर मिळेपर्यंत त्यांना बसायला पाट नको का?"

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मग पट्ट्या कापून दिल्या. त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. त्यांनी स्वतः कापलेल्या बुचाच्या पट्ट्या मी वर जाऊन पाहिल्या, त्या इतक्या वाकड्या होत्या की बघवेना.

दरोडेखोर माशी भर उन्हाची, म्हणून मालकही भर उन्हाचे. लोक जेवून आडवे होत तेव्हा हे जाळी आणि छत्री घेऊन निघत. घोड्यांची ट्राम जिथवर जाई तिथवर ट्राम, पुढे पायी. आमच्या धंद्याला आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत झोपच असते, आणि पावसाळा सरल्यावरचं ऊन हाच माश्यांचा हंगाम. त्यामुळे मी बरेचदा बरोबर जाई. छत्री ते कधी उघडत नसत. सावली पडली की माशी उडते.

मी विचारलं, "मग पावसासाठी नेता का?"

"पाऊस आला की माशी नसते. मी घरी जातो."

"मग छत्री कशाला?"

"ताईला बरं वाटतं."

शीव कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले असत. बोंबलांवर माश्या येत आणि माश्यांवर दरोडेखोर. मालक एका बांबूच्या टोकासमोर खांब होऊन उभे राहत. एक कोळीण टोपली घेऊन येता जाता त्यांना बघत होती. शेवटी म्हणाली, "काय रं शेटा, सकालधरनं उभा हाईस. म्हावरां घे, नायतं वाट सोड."

"बाई, तुमच्या म्हावऱ्यावरच्या माश्या खाणारी माशी बघतोय."

तिनं टोपली सावरली. "खातंय का? मंग तिला रोज धाडून दे. दुपारचां जेवान माज्याकडं."

मालकांना हे फार आवडलं. वाटेत दोनदा म्हणून दाखवलं, आणि कोळणीचा आवाज त्यांना अजिबात काढता आला नाही.

आता माश्या लावायच्या कशा, ते सांगतो. मालकांनी मला भिंगातून दाखवलं होतं. माशीच्या पंखावर शिरा असतात, त्यांनी पंखात खोल्या पडतात. पंखाच्या कडेला एक खोली आहे. काहींच्या दोन शिरा कडेला पोचायच्या आधीच एकमेकींना मिळतात, म्हणजे खोलीचं दार लागलं. काहींच्या वेगवेगळ्या कडेपर्यंत जातात, म्हणजे दार उघडं. मालक गटाला पंगत म्हणत. ही बंद दाराची पंगत, ही उघड्या दाराची. मग त्यांत पोटपंगती. एक काडीकमऱ्यांची, अंगानं सुतासारखे. एक बहुरूप्यांची, ते काळ्या भुंग्याचं सोंग घेऊन भुंग्यांच्याच दारात बसतात आणि त्यांनाच मारतात. प्रत्येक पंगतीची पेटी वेगळी, आणि खाली माझं भेंड. "ज्याचं पान ज्या पंगतीत, त्यालाच तिथे बसवायचं," असं म्हणत. "आणि ओळख पटेपर्यंत कोणाला उठवायचंही नाही."

परळला एका तलावाच्या काठी जुनी बाभूळ होती. तिथे त्यांना एक माशी सापडली. तांबूस मिशा, पाय पिवळे. तिच्या त्या खोलीच्या दोन्ही शिरा बरोबर पंखाच्या कडेवर मिळत होत्या, ना अलीकडे ना पलीकडे. दार लावलेलं म्हणता येईना आणि उघडंही म्हणता येईना. तीन हंगाम ते त्या बाभळीशी गेले. नर मिळाले, माद्या मिळाल्या, सगळ्यांचं दार तसंच. मग त्यांनी त्यांची वेगळी पेटी केली, आणि तिला आम्ही उंबरठ्यावरची पंगत म्हणू लागलो. पण ते आपलं ओळखीपुरतं. खरं नाव ठेवायचं बाकी होतं. पुढे तो तलाव बुजवून तिथे गिरणीचं आवार झालं, बाभूळ तुटली. तशी माशी मालकांना पुन्हा कुठे दिसली नाही. जी होती ती त्या पेटीत.

आता ताईंचं सांगतो. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. लहानपणीच कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून माहेरी. घर त्यांच्या हातात होतं, आणि माश्यांवर त्यांचा दात होता. मी पट्ट्या घेऊन वर गेलो की म्हणत, "या. लोक माश्या हाकलतात, आमच्याकडे पाट मांडून बसवतात." पेट्यांना त्या कधी बोटही लावत नसत. केर काढतानासुद्धा त्या कोपऱ्याला वळसा.

एकदा मालकांनी त्यांना उंबरठ्यावरच्यांचं सगळं समजावलं. ताई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पाहुण्याला असं उंबरठ्यावर ताटकळत ठेवतात होय रे? आत तरी घे, नाहीतर पानसुपारी देऊन वाटेला लाव."

"नाव ठेवल्याशिवाय आत कसं घेऊ?"

"मग ठेव की. कोणी हात धरलाय?"

"नाव आत्यानं ठेवायचं असतं," मालक म्हणाले.

ताईंचा हात तांदळात तसाच राहिला. मग म्हणाल्या, "मी माशीची आत्या व्हायची नाही." सूप उचललं आणि आत गेल्या. मी हसलो. मालक हसले नाहीत.

मला ती थट्टा वाटली होती. पण दर साली पावसाळा सरला की मालक ताईंना विचारत, आणि दर साली ताई नाही म्हणत. कधी म्हणत, आधी पाळणा शिवून घे. कधी म्हणत, घुगऱ्या कोण खाणार, त्या का मी? एक विद्वान साहेब पेट्या बघायला आला होता. तो मालकांना म्हणाला, ही पंगत नवी आहे, लवकर नाव द्या आणि छापा, नाहीतर दुसरा कोणी देईल. मालक म्हणाले, "आमच्या घरात एक अडचण आहे." साहेबाला वाटलं सुतक वगैरे असेल. तो निघून गेला.

मला राहवेना. बाभूळ अजून होती तेव्हाची गोष्ट. तिच्याखाली बसून मी म्हटलं, "मालक, ताईंना नको तर सोडा ना. माशीचं बारसं मांडून बसलेला माणूस तुमच्याशिवाय दुनियेत नसेल."

ते बाभळीकडे बघतच बोलले. "तुम्ही चाळीत यायच्या आधी मला मुलगा झाला होता. पाळणा ताईनं सजवला. झबलं तिनं शिवलं. सख्खी आत्या तीच, दुसरी नाही. नाव ठेवायची वेळ झाली तेव्हा ती पाळण्याशेजारीच होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी काही बोलायच्या आत ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. कोणा लांबच्या चुलतबहिणीनं कानात नाव सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. एक शब्द बोलायचा होता, थांब म्हणून. नाही बोललो. पुढे मुलगा राहिला नाही, त्याची आई राहिली नाही. ताई राहिली."

विधवेचा हात बाशिंगाला लागू द्यायचा नाही ही रीत आमच्या दुकानातही होती. रीत काही मी केली नव्हती.

मालक म्हणाले, "माणसाच्या पोराच्या वेळी मला जमलं नाही. माशीच्या वेळी कोण आडवं येतंय? भटजी नाही, म्हाताऱ्या नाहीत. पुढच्या खोलीत पाळणा टांगीन, ताईला पाटावर बसवीन, आणि ती कानात नाव सांगेल. तेच नाव मी छापीन. जगात कुठेही ती माशी निघाली तरी माझ्या बहिणीनं ठेवलेल्या नावानं निघेल."

"माशीला कान असतात?"

"नसतात. ताईला तोंड आहे."

तेवढ्यात समोरच्या काटकीवर माशी येऊन बसली आणि त्यांनी मला हातानं गप्प केलं.

पुढे गाठीचा ताप आला. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही काढले त्यांना सांगून कळायचं नाही. जो तो पोरांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधत होता. कापरानं ताप येत नाही असा सगळ्यांचा समज. बाजारात कापूर मिळेना. आणि आमच्या चाळीत वर मालकांकडे कापराचा मोठा डबा होता. तो पेट्यांसाठी. पेटीत कापूर नसला तर बारीक किडे शिरतात आणि माशीचं पीठ करून टाकतात. पावसाळ्यात तर फारच.

चाळीतल्या बायका जिन्यात जमल्या. त्यांत माझी बायकोही होती, कडेवर धाकटा. मी वर होतो. मालक डब्यापुढे उभे होते आणि ताई त्यांच्यापुढे.

मालक म्हणाले, "ताई, कापरानं ताप जात नाही. मी वाचलंय."

"भीती जाते ना?"

"हंगामभर पुरेल एवढाच आहे. हा दिला तर पेट्या गेल्या."

"खाली पोरं आहेत," ताई म्हणाल्या. बस, एवढंच.

मालकांनी डबा उचलून माझ्या हातात दिला. मी तो जिन्यात नेला. वाटून परत आलो तेव्हा मालक गच्चीत गेले होते आणि ताई माश्यांच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात देवघरातली पितळी डबी, आरतीच्या कापराची.

मला म्हणाल्या, "बाशिंगवाले, ती उंबरठ्यावरची कुठली?"

मी पेटी दाखवली, झाकण उघडून दिलं. ताईंनी सगळ्या वड्या चारी कोपऱ्यांत ठेवल्या, नीट, एकेक. मग आत वाकून बघितलं.

"मिशा तर बघा केवढ्या," म्हणाल्या. आणि पेटीलाच म्हणाल्या, "घ्या, पाहुणे. देव उदबत्तीवर भागवील." झाकण लावलं आणि मला सांगितलं, त्याला काही बोलू नका, उगाच परत पाळणा काढून बसेल.

माझी मुलं वाचली. कापरानं वाचली की नशिबानं, ते मला ठाऊक नाही. ताईंना काखेत गाठ आली. न्यायला गाडी आली तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या आणि मला म्हणाल्या, "दार ओढून घ्या, मुंग्या शिरतील." मालक गाडीमागून परळच्या इस्पितळापर्यंत चालत गेले. आत कोणाला सोडत नव्हते. ते बाहेर उन्हात उभे राहिले, बांबूसमोर राहत तसे, हातात छत्री मिटलेलीच. दुसऱ्या दिवशी ताई गेल्या.

मग चाळ खाली केली. आम्ही सगळे मैदानातल्या झोपड्यांत, मालकही. तिथे आमच्यातच जेवत. माश्यांचं नाव निघत नसे. पावसाळाही तिकडेच गेला. चुना मारून घरं परत मिळाली तेव्हा मी मालकांबरोबर वर गेलो.

एकेक पेटी उघडली. भेंड शाबूत होतं, टाचण्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक टाचणीखाली चिमूटभर भुकटी. बंद दाराची पंगत गेली, उघड्या दाराची गेली, काडीकमरे गेले, बहुरूपी गेले. मालक एक झाकण लावत आणि दुसरं उघडत. शेवटी उंबरठ्यावरची पेटी उघडली. आत सगळे जागच्या जागी होते. मिशीचा केससुद्धा हललेला नव्हता. कापराचा वास आला.

मालकांनी कापराची उरलेली चकती बोटावर घेतली. "हा कोणी ठेवला?"

बोलू नका असं सांगणारी आता नव्हती. मी सगळं सांगितलं. देवघरातली डबी, मिशा, आणि त्या काय म्हणाल्या ते. म्हटलं, "मालक, नाव झालं. ताईंनी ठेवलं. पाहुणे."

त्यांनी बोटावरची चकती परत कोपऱ्यात ठेवली. मग विचारलं, "कुठे उभी होती?"

"इथेच, कोपऱ्यात."

"घरात कोण होतं?"

"मी. बाकी कोणी नाही."

"मग ते बारसं नव्हे. कोपऱ्यात उभं राहून, कोणी नसताना. मुलाच्या बारशालाही तसंच झालं होतं, ती आतच राहिली होती. तिला पुढच्या खोलीत पाटावर बसवून व्हायला हवं होतं. असं चोरून झालेलं मी नाव म्हणून धरणार नाही."

मी भांडलो. हट्टी माणूस मीही आहे, पण हा हट्ट मला झेपेना. म्हटलं, तुमच्या पाटाची ताईंना गरज नव्हती, तुम्हाला होती. त्यांनी देवाचा कापूर दिला, आता आणखी कसलं बारसं? मालक म्हणाले, "बाशिंगवाले, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण माझ्यानं होत नाही." माझ्या बायकोनं सुचवलं, मी बसते पाटावर, मी ठेवते नाव, ताईंनी म्हटलं तेच. त्यांनी तिला नमस्कार केला आणि नको म्हणाले.

पुन्हा त्यांनी जाळी हातात घेतली नाही. दुपारी घरीच असत. छत्री दाराआड टांगलेली. एक दिवस खाली आले आणि म्हणाले, ती पेटी विलायतेला पाठवायची आहे, तिथल्या मोठ्या संग्रहात, बांधून द्या. मी आत भेंडाचा जाड थर दिला, नव्या बाशिंगांना दिला नसता इतका जाड.

"नाव काय लिहायचं?" मी विचारलं.

"काही नाही. मुलगी सासरी गेली की तिकडचे ठेवतात ते नाव. आपल्याकडून काही नाही."

तिकडे कोणी काय नाव ठेवलं, ठेवलं की नाही, हे मालकांनी विचारलं नाही आणि आम्हाला कळलं नाही. कोणा साहेबाचं नाव पडलं असेल. मालक त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. चाळ पुतण्याकडे गेली, त्यानं रिकाम्या पेट्या चुलीला दिल्या. मला आधी कळलं असतं तर भेंड तरी काढून घेतलं असतं.

आता दुकान मुलगा बघतो. मी बाहेर बाकावर बसतो. बाशिंगं टांगायचा बांबू आहे, त्याच्या टोकावर पावसाळा सरला की एखादी दरोडेखोर येऊन बसते. पंखाची खोली बंद की उघडी, हे आता माझ्या डोळ्यांना दिसत नाही, आणि भिंग मालकांबरोबर गेलं. मुलगा फडकं घेऊन हाकलायला येतो, त्याला मी लांब ठेवतो. बसा, पाहुणे, म्हणतो.

मालक असते तर म्हणाले असते, ही ती नव्हे, ती परळच्या बाभळीवरची. नसेल. त्यांनी ताईंनी ठेवलेलं नाव धरलं नाही. मी धरलं आहे, आणि ज्याला त्याला उघड, भर रस्त्यात, पुढच्या दारी बसून सांगतो.